हरण्याची नोकरी

ग्रँड स्लॅम स्पर्धेत पुरुष एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ जण असतात आणि पंधरा दिवसांनी त्यातले १२७ हरलेले असतात. गणित इतकं साधं आहे की त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आपण उरलेल्या एकाकडे बघत बसतो. त्याचा चषक, त्याचे भरून आलेले डोळे, गॅलरीतली त्याची आई. बाकीचे तोवर दुसऱ्या शहरात पोचून, हॉटेलच्या लाँड्रीत कपडे टाकून, पुढच्या ड्रॉमध्ये आपलं नाव शोधत असतात. तिथेही एक सोडून सगळे हरणार असतात. जानेवारी ते नोव्हेंबर हा कार्यक्रम चालतो. टेनिसवर पोट भरणारा माणूस म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला हरणारा माणूस. हरण्याचे त्याला पैसेही मिळतात. पहिल्याच फेरीत हरला तर बेताचे, उपांत्य फेरीत हरला तर बरे.

बाकीच्या धंद्यांत हे इतकं उघड्यावर होत नाही. गवयाची मैफल पडली तर तानपुरे नीट लागले नव्हते म्हणायची सोय असते. लेखकाचं पुस्तक खपलं नाही की वाचनसंस्कृती लोप पावते. वकील तर कधी हरतच नाही, अशील हरतं. टेनिसमध्ये मात्र फलकावर ६-३, ६-४ असं लागतं, पंच ते माइकवरून सगळ्या स्टेडियमला ऐकवतो, आणि ज्याने हरवलं त्याच्याशीच जाळ्यापाशी जाऊन हात मिळवावा लागतो. मग अंघोळ करून पत्रकारांसमोर बसायचं. ते विचारतात, आज नेमकं काय चुकलं?

जानेवारी १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मास्टर्स स्पर्धेत व्हिटास गेरुलायटिसने जिमी कॉनर्सला हरवलं. त्याआधी तो कॉनर्सकडून ओळीने सोळा वेळा हरला होता. सामना संपल्यावर त्याने पत्रकारांना अगदी गंभीर चेहऱ्याने बजावलं, की व्हिटास गेरुलायटिसला लागोपाठ सतरा वेळा कुणीही हरवू शकत नाही. टेनिसमध्ये याहून शहाणं काही कुणी बोलल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ४ मार्च १९८० रोजी, रोहन बोपण्णाचा जन्म झाला. गेरुलायटिसचे सोळा पराभव त्याने पुढे फारच किरकोळ ठरवले. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत बोपण्णा साठ वेळा उतरला आणि साठही वेळा विजेतेपदाविना परतला. एकसष्टाव्या खेपेला, जानेवारी २०२४ मध्ये, मेलबर्नला जिंकला. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता आणि शेजारी चषकाचं दुसरं टोक धरून उभा होता तो त्याचा एकोणिसावा जोडीदार. आपल्याकडे एकसष्टी करतात ती शाल-श्रीफळ देऊन, आणि गृहस्थाने आता विश्रांती घ्यावी अशी त्यात गोड सूचना असते. ह्या एकसष्टीनंतर दोनच दिवसांनी बोपण्णा दुहेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू झाला. इतक्या वयात त्या जागेवर आजवर कुणीच बसलं नव्हतं.

हा माणूस मूळचा कुर्गचा. वडिलांचा कॉफीचा मळा. कुर्गमध्ये मूल चालायला लागलं की हातात हॉकीची काठी येते, आणि मोठं झालं की ते सैन्यात तरी जातं किंवा हॉकीच्या संघात तरी. बोपण्णालाही हॉकी आणि फुटबॉल आवडत. पण वडिलांचं म्हणणं पडलं की मुलाने एकट्याने खेळायचा खेळ घ्यावा. म्हणून अकराव्या वर्षी टेनिस. वडिलांच्या इच्छेचा पुढे नियतीने कसा समाचार घेतला ते दिसतंच आहे. मुलाने सगळी हयात जोडीने खेळण्यात घालवली. उमेदवारीच्या दिवसांत तो पुण्यात नंदन बाळ यांच्याकडेही शिकून गेला. त्यामुळे ‘आपल्याच पुण्याचा’ असं म्हणायला पुणेकर मोकळे आहेत, आणि ही मोकळीक त्यांनी एकसष्टाव्या खेपेनंतर भरपूर वापरली. आधीच्या साठ खेपांना तो कुर्गचाच होता.

एकेरीत बोपण्णा २००७ साली २१३ व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि तिथून वर सरकला नाही. जगातला २१३ वा. दंतवैद्य जगात २१३ वा असता तर त्याच्या दवाखान्याबाहेर बोरिवलीपर्यंत रांग लागली असती. टेनिसमध्ये २१३ वा म्हणजे दाराबाहेर उभा. ग्रँड स्लॅममध्ये थेट प्रवेश साधारण पहिल्या शंभर जणांना. मागच्यांनी पात्रता फेरीत आधी एकमेकांना हरवून यायचं. त्याच्याही खाली छोट्या गावांतल्या छोट्या स्पर्धा. तिथे बॉलबॉय असतात-नसतात, आणि पहिल्या फेरीत हरल्यावर हातात येणारी रक्कम विमानाच्या परतीच्या तिकिटाकडे बघून शरमते. प्रशिक्षकाचा पगार, हॉटेल, रॅकेटचं गटिंग, सगळं खेळाडूच्या खिशातून. २०२३ मध्ये सुमित नागल एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू होता, आणि आपल्या खात्यात जेमतेम ९०० युरो शिल्लक असल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलं होतं. देशात पहिला असलेल्याची ही कथा. आपल्या मुलाने टेनिसपटू व्हावं असं वाटणाऱ्या पालकांना ती सहसा कुणी ऐकवत नाही, कारण अकादमीची फी भरून झालेली असते.

तेव्हा उंच, मोठी सर्व्हिस असलेला आणि एकेरीत अडकलेला माणूस डबल्सकडे वळला. डबल्स हे टेनिसमधलं माजघर आहे. घर चालतं तिथून, पण पाहुण्यांना दाखवत नाहीत. सामने मागच्या कोर्टांवर, टीव्हीवर क्वचित, बक्षिसाचे पैसे एकेरीच्या मानाने खूपच कमी. शिवाय उरकून टाकायची घाई. ग्रँड स्लॅमची पुरुष दुहेरी सोडली तर ड्यूस झाला की एकाच पॉइंटवर गेमचा निकाल, आणि एकेक सेट झाला तर तिसऱ्या सेटच्या जागी दहा गुणांचा टायब्रेक. दीड तास घाम गाळायचा आणि फैसला दहा मिनिटांत. २००६ च्या सुमारास हे नियम आले तेव्हा सांगितलं गेलं की त्यामुळे डबल्स लोकप्रिय होईल. सामने लवकर संपतात, एवढं मात्र झालं.

पुण्याच्या बालेवाडीत काही वर्षं एटीपीची, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेची, महाराष्ट्र ओपन व्हायची. चेन्नईची स्पर्धा २०१८ मध्ये इकडे आली आणि २०२३ पर्यंत, मधलं करोनाचं साल वगळता, राहिली. बोपण्णाने ती दोनदा जिंकली. २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर, २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर. आमच्या सोसायटीतले एक काका आहेत, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. टेनिस त्यांना फार आवडतं, म्हणजे विम्बल्डनचा पुरुष एकेरीचा अंतिम सामना ते कधी चुकवत नाहीत. त्यांना घेऊन मी एका संध्याकाळी बालेवाडीला गेलो. एकेरीचा सामना संपला तसे काका उठले. मी म्हटलं, “काका, थांबा ना, आता डबल्स आहे. बोपण्णा खेळणार आहे.” ते म्हणाले, “डबल्स राहू दे रे. पार्किंगमधून गाडी काढायला मग तासभर जातो.” आणि आजूबाजूला पाहिलं तर निम्मं पुणे त्याच विचाराने उठून उभं होतं. काकांना रिक्षाने पाठवून मी थांबलो.

रिकाम्या स्टेडियमात डबल्स बघावं. कोर्टाजवळची खुर्ची मिळते आणि टीव्हीवर कधी कळत नाही ते कळतं. सर्व्हिस करायच्या आधी जोडीतले दोघं एकत्र येतात आणि तोंडासमोर चेंडू धरून कुजबुजतात, समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून. मग जाळ्याजवळ उभा राहणारा पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो: मी जागेवर थांबतो, मी आडवा धावतो. मागचा बघतो आणि हो म्हणतो. चेंडू पडायच्या आत दोन माणसांचा करार झालेला असतो. तो पाळून एकाने झेप घ्यायची आणि त्याने सोडलेली अर्धी बाजू दुसऱ्याने न बघता भरायची. हे जमलं की गेम अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातुकड्यांत इतका सुंदर दिसतो, की एकेरीतल्या लांबलचक रॅल्या त्यापुढे दोन हट्टी माणसांच्या वादासारख्या वाटू लागतात.

पण मला तिथे सगळ्यात जास्त गुंतवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रत्येक पॉइंटनंतर हे दोघं एकमेकांच्या हाताला हात लावतात. पॉइंट जिंकला तर लावतातच, हरला तरी लावतात. मी पाहत होतो तेव्हा बोपण्णाच्या जोडीदाराने अगदी सोपी व्हॉली जाळ्यात मारली. शाळकरी पोराने मारली असती अशी. बोपण्णा चालत त्याच्याकडे गेला, तळहात पुढे केला, टाळी घेतली, काहीतरी बोलला, दोघं आपापल्या जागी गेले. चेहऱ्यावर काही नाही. पुढच्या गेममध्ये बोपण्णाने स्वतः डबल फॉल्ट केला, तेव्हा जोडीदार आला, तळहात पुढे, टाळी. एका सामन्यात शंभर-सव्वाशे पॉइंट होतात, जिंकलेल्या सामन्यातही त्यातले निम्म्याच्या आसपास गेलेले असतात. म्हणजे संध्याकाळभरात पन्नासेक वेळा ‘असू दे’ म्हणणं आलं. आमच्या घरी दूध उतू गेलं तर त्याचा पंचनामा रात्रीच्या जेवणापर्यंत चालतो.

डबल्सच्या जोडीला लग्नाची उपमा देणं फार सोपं आहे आणि ती सगळेच देतात. पण लग्नाचा जोडीदार पुढच्या जानेवारीत जाळ्यापलीकडून आपल्यावर सर्व्हिस करत नाही. बोपण्णाच्या बाबतीत हेच झालं. २०१७ च्या फ्रेंच ओपनमध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डब्रोव्स्कीबरोबर त्याने मिश्र दुहेरी जिंकली, तेही अंतिम सामन्यातले दोन मॅच पॉइंट वाचवून. त्याचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद ते. सात-आठ महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीत तो पुन्हा अंतिम फेरीत होता, तिमिया बाबोसबरोबर. समोर होती डब्रोव्स्की, माते पाविचला घेऊन. तिने तो सामना टायब्रेकमध्ये ११-९ असा जिंकला. ह्या माणसाला दबावाखाली कुठे मारायचं ते तिला ठाऊक असणारच. तिनेच तर गेल्या वर्षी त्याला तिथून वाचवलं होतं.

बोपण्णाच्या जोडीदारांची यादी वाचणं हा एक स्वतंत्र विरंगुळा आहे. महेश भूपती, रोमानियाचा फ्लोरिन मर्जिया, उरुग्वेचा पाब्लो क्वेवास, फ्रान्सचा एदुआर रॉजे-व्हासेलिन, नेदरलँड्सचा मॅटवे मिडलकोप. कॅनडाचा डेनिस शापोवालोव तर १९९९ चा जन्म. बोपण्णाने आता टेनिसच करायचं असं पक्कं ठरवलं, त्या सुमारास पाळण्यात होता. ही मंडळी एकमेकांना मेसेज पाठवून ठरवतात: पुढच्या महिन्यात कुणाबरोबर आहेस? माझा खांदा दुखतोय, तू दुसरा बघ. दोघांची क्रमवारी मिळून प्रवेश ठरतो, त्यामुळे आवडीच्या माणसाबरोबर खेळता येईलच असं नाही. आकडे जुळावे लागतात. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी लिएंडर पेसबरोबर कुणी खेळायचं यावरून भूपती, बोपण्णा आणि महासंघ यांच्यात जे झालं ते त्या वेळच्या वर्तमानपत्रांत सविस्तर आहे. अखेरीस दोन वेगळ्या जोड्या गेल्या आणि पदक कुणालाच मिळालं नाही. ते प्रकरण मी इथेच सोडतो, कारण पेसप्रेमी आणि भूपतीप्रेमी अजूनही एकाच लग्नाच्या पंगतीत सापडतात.

ह्या सगळ्या यादीत माझा आवडता माणूस लाहोरचा ऐसाम-उल-हक कुरेशी. बोपण्णापेक्षा तेरा दिवसांनी लहान. भारत आणि पाकिस्तानचे दोघं एका बाजूने खेळतात म्हटल्यावर लोकांनी त्यांना ‘इंडो-पाक एक्स्प्रेस’ म्हणायला सुरुवात केली. दोघं अंगावर ‘युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा’ अशा अर्थाच्या इंग्रजी अक्षरांचे कपडे घालून मिरवत. २०१० च्या अमेरिकन ओपनमध्ये ते अंतिम फेरीपर्यंत गेले, आणि संयुक्त राष्ट्रांतले दोन्ही देशांचे राजदूत प्रेक्षकांत शेजारी शेजारी बसले. एरवी त्या दोन खुर्च्या शेजारी लावायच्या तर किती फायली हलाव्या लागल्या असत्या. सामना ७-६, ७-६ असा गेला, म्हणजे केसभर अंतराने. समोर ब्रायन बंधू होते; जुळे, एक डावखुरा, एक उजवा. त्यांना जोडीदार शोधायला मेसेज करावे लागले नाहीत, तो पाळण्यातच शेजारी होता.

त्या पराभवानंतर बोपण्णाला पुरुष दुहेरीची पुढची ग्रँड स्लॅम अंतिम फेरी गाठायला तेरा वर्षं लागली. तेरा वर्षं माणूस काय करतो? खेळतो. स्पर्धा जिंकतोही, कारकिर्दीत त्याने दुहेरीची सव्वीस विजेतेपदं मिळवली, आणि सव्वीस हा आकडा कुठल्याही घरातल्या शोकेसला पुरून उरेल. पण क्रमवारीचा नियम असा की मिळवलेले गुण बरोबर बावन्न आठवडेच आपले. पुढच्या वर्षी तोच आठवडा आला की ते काढून घेतात आणि म्हणतात, आता पुन्हा मिळवून दाखवा. याला टेनिसवाले ‘पॉइंट डिफेंड करणं’ म्हणतात. गतवर्षी मोठी स्पर्धा जिंकलेला माणूस यंदा तिथे उतरतो तो धास्तावलेला असतो आणि गतवर्षी पहिल्या फेरीत हरलेला अगदी निर्धास्त. आपल्याकडे दहावीला बोर्डात आलेला मुलगा साठीतही बोर्डात आलेलाच असतो. हा नियम इकडे लावला तर कितीतरी घरांच्या भिंती मोकळ्या होतील.

ह्याच तेरा वर्षांत बोपण्णाचे दोन्ही गुडघे बोलू लागले. गुडघ्यांच्या गाद्या पार झिजल्या होत्या. गुडघ्याची गादी हा मराठी माणसाचा हक्काचा विषय असल्यामुळे इथे अधिक खुलासा नको. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळणं चालू होतं, आणि हरणंही. पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही, बायकोला निरोप पाठवून आता थांबतो म्हणून कळवलं होतं, असं त्याने नंतर मेलबर्नला चषक हातात असताना सांगितलं. पाच महिने म्हणजे किती विमानतळ, किती हॉटेलं, किती वेळा बॅग भरणं. दर सोमवारी नवं शहर, बुधवारी हस्तांदोलन, गुरुवारी विमान.

त्याला सावरलं ते अय्यंगार योगाने. टाळेबंदीच्या काळात बंगळूरला त्याने तो सुरू केला आणि गुडघे हळूहळू गप्प झाले. ही विद्या वाढली पुण्याच्या मॉडेल कॉलनीत. दोर, पट्टे, लाकडी विटा आणि घडीच्या खुर्च्या घेऊन तिथे जगभरचे लोक आपापली दुखणी सरळ करायला येतात. पुण्यातल्या कित्येकांनी तो वर्ग ‘पुढच्या महिन्यापासून’ सुरू करायचं ठरवून ठेवलेलं आहे. त्यांत मीही आहे. बोपण्णा पुढच्या महिन्याची वाट न बघता सुरू करून मोकळा झाला, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांच्या सर्व्हिस परतवू लागला. दाढीत पांढरे केस होते. ते त्याने रंगवले नाहीत, हे मला विशेष आवडलं.

मग एकोणिसावा जोडीदार आला: ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन. २०२३ च्या अमेरिकन ओपनमध्ये दोघं अंतिम फेरीत पोचले. समोर राजीव राम आणि जो सॅलिस्बरी. पहिला सेट जिंकला, दुसरा गेला. तिसऱ्या सेटमध्ये एक पॉइंट त्यांना मिळालेला असताना बोपण्णा पंचाकडे गेला आणि म्हणाला, चेंडू माझ्या हाताला घासून गेला, पॉइंट त्यांचा. पंचाला दिसलं नव्हतं. तेरा वर्षांनी मिळालेली अंतिम फेरी, निर्णायक सेट, वय ४३, आणि हा गृहस्थ पॉइंट परत करतोय. सामना अर्थातच हरले. प्रामाणिकपणाचं फळ शेवटी मिळतं वगैरे गोष्टी लहानपणी वाचलेल्या असल्यामुळे मला वाटलं होतं की आता हे जिंकणार. तसं काही झालं नाही. टाळ्या मिळाल्या आणि उपविजेत्याचा धनादेश.

त्याच महिन्यात चीनमध्ये हांगझो आशियाई स्पर्धा होती. पुरुष दुहेरीत युकी भांबरीबरोबर बोपण्णाचं सुवर्ण धरूनच चाललेलं होतं. दुसऱ्याच फेरीत ते उझबेकिस्तानच्या जोडीकडून हरले, आणि त्या जोडीचं नाव भारतात आदल्या दिवसापर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं. उरली मिश्र दुहेरी. तिथे जोडीला आपली ऋतुजा भोसले. हिच्याकडून सुवर्णाची अपेक्षा कुणी केली नव्हती. अंतिम सामन्यात पहिला सेट चिनी तैपेईच्या जोडीने ६-२ असा घेतला. दुसरा यांनी ६-३, आणि टायब्रेक १०-४. धरून चाललेलं हातचं गेलं आणि हिशोबात नसलेलं गळ्यात पडलं. गळ्यात पडणं हा वाक्प्रचार इतक्या चांगल्या अर्थाने फार क्वचित वापरायला मिळतो.

आणि मेलबर्न. सिमोने बोलेल्ली आणि आंद्रेया वावासोरी ही इटलीची जोडी समोर. पहिला सेट टायब्रेकमध्ये ७-०, दुसरा ७-५. साठ वेळा हुकलेली गोष्ट दोन सेटमध्ये संपली. मी टीव्हीसमोर होतो आणि खरं सांगायचं तर जिंकल्याचा क्षण जरा गडबडीतच गेला. तो दोन्ही हात वर करून हसतोय, एब्डन मिठी मारतोय, झालं. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाने थोडा आणखी आरडाओरडा करायला हरकत नव्हती. पण हरण्याचा सराव ज्याला एवढा, त्याला जिंकल्यावर काय करायचं ते चटकन सुचलं नसेल.

दोन महिन्यांनी मायामीची मोठी स्पर्धा जिंकली, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरीत हरला, वर्षाअखेरीला एब्डनशी जोडी सुटली. मधल्या काळात एब्डनने जॉन पीअर्सबरोबर ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये बोपण्णा कोलंबियाच्या निकोलास बारिएन्टोसला घेऊन पुन्हा मेलबर्नला आला. गेल्या वर्षीच्या विजेतेपदाचे २००० गुण डिफेंड करायचे होते. पहिल्या फेरीत हरला आणि ते सगळे गेले. क्रमवारीची शिडी उतरताना त्याची कुरकुर कुणाला ऐकू आली नाही. टोकियोत एका तरुण जपानी जोडीदाराबरोबर तो अंतिम फेरीपर्यंत गेला, तिथेही हरला. ऑक्टोबरच्या शेवटी पॅरिसमध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकबरोबर खेळला. पहिली फेरी, समोर हाच तो जॉन पीअर्स आणि त्याचा अमेरिकन जोडीदार; सामना टायब्रेकमध्ये १०-८ असा गेला. १ नोव्हेंबरला बोपण्णाने निवृत्ती जाहीर केली. वय ४५.

बातमी मी काकांना खाली बाकावर वाचून दाखवली. सव्वीस विजेतेपदं, पद्मश्री, जगात पहिला, साठ पराभव, गुडघे, सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “सगळं ठीक आहे रे, पण पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली. पेन्शनचं काय?” मी सांगितलं की एटीपीची खेळाडूंसाठी पेन्शन योजना आहे, ठरावीक वर्षं वरच्या क्रमवारीत राहिलेल्यांना मिळते, डबल्सवाल्यांनाही. काकांचा चेहरा एकदम खुलला. चष्मा वर सरकवून ते माझ्याकडे वळले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “खेळायचा कसा रे तो?”